नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या जाहीर सूचनांच्या पानावर एक मजकूर जवळजवळ रोज असतो. अमुक सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद श्री. अमुक यांचे निधन झाले आहे, त्यांनी नामनिर्देशन केलेले नव्हते, तरी त्यांच्या भागांवर व सदनिकेतील हितसंबंधांवर कोणाचा दावा वा हरकत असल्यास मुदतीत पुराव्यासह कळवावे. नामनिर्देशन, म्हणजे आपल्या पश्चात संस्थेने कोणाला धरायचे त्या नॉमिनीच्या नावाची नोंद, नसेल तेव्हा संस्थेला अशी सूचना द्यावी लागते. ते असेल तर सूचना निघत नाही, आणि मग घरातले, कमिटीतले, कधी कधी दलालसुद्धा धरून चालतात की प्रश्न मिटला. नॉमिनीचे नाव शेअर सर्टिफिकेटवर चढले की फ्लॅट त्याचा झाला, असा हा समज आहे. तो चुकीचा आहे. त्यापायी बहीण-भावांची तोंडे फिरतात, झालेले व्यवहार अडकतात आणि म्हाताऱ्या आईला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यातले कलम 154ब-13 सभासदाच्या मृत्यूनंतर काय करायचे ते सांगते. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा हक्कदार वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, यांच्या आधारे संस्थेने सभासदत्व पुढे द्यायचे आहे. नॉमिनीबद्दल तिथे स्पष्ट लिहिले आहे की कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार ठरलेली व्यक्ती सभासद म्हणून दाखल होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घ्यावे. म्हणजे मधल्या काळात मेंटेनन्स कोणी भरायचा, संस्थेने नोटीस कोणाच्या नावे काढायची, पत्रव्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यापुरती ही सोय आहे. मालकी कोणाची हे ठरते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने.

न्यायालयांनीही हेच सांगितले आहे. विम्याच्या संदर्भात सरबती देवी प्रकरणात डिसेंबर 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते वारसांसाठी. कंपनीच्या शेअरबाबत शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा तोच निकाल आला. मधल्या काळात 2016 च्या इंद्राणी वाही निकालाने थोडा गोंधळ उडवला. वडिलांनी लग्न झालेल्या मुलीला नॉमिनी केले होते, पत्नी आणि मुलगा विरोधात होते, आणि न्यायालयाने संस्थेला नॉमिनीच्या नावे सभासदत्व करायला सांगितले. पुष्कळांनी एवढेच वाचले. त्याच निकालात पुढे असेही आहे की वारसांना आपला हक्क योग्य न्यायालयात मागायची मोकळीक आहे. शिवाय ते प्रकरण पश्चिम बंगालच्या सहकार कायद्याखालचे होते. आपल्याकडे 2019 नंतर तात्पुरता सभासद हा शब्द कायद्यातच आला आहे, त्यामुळे शंकेला जागा उरलेली नाही.

गैरसमजाचे आणखी एक कारण विम्यातच आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच धरली जाते. तोच नियम लोक नकळत फ्लॅटला लावतात. बँक खात्यावरचे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला) असेच घराला चिकटवले जाते. नवरा-बायको दोघांच्या नावे करार आहे, म्हणजे एक गेला की दुसऱ्याचे सगळे, असे सर्रास ऐकू येते. तसे होत नाही. दोघांच्या नावे घर घेतले असेल तर प्रत्येकाचा हिस्सा त्याने घातलेल्या पैशाच्या प्रमाणात, आणि त्याचा पुरावा नसेल तर समसमान. नवरा गेला की बायकोचा स्वतःचा अर्धा हिस्सा तिचाच राहतो. नवऱ्याचा अर्धा हिस्सा मात्र त्याच्या सगळ्या वारसांत वाटला जातो, ज्यात ती स्वतःही एक असते.

सहयोगी सभासद हे तर आणखी वेगळे प्रकरण. मुलाचे किंवा सुनेचे नाव सहयोगी सभासद म्हणून लावले, त्याने फी भरली, फॉर्म मंजूर झाला, तरी खरेदीखतात नाव नसेल तर मालकीत त्याचा हिस्सा येत नाही. ज्याचे नाव करारातही आहे आणि शेअर सर्टिफिकेटवर दुसरे आहे, तो सह-सभासद. या दोहोंची सरमिसळ जुन्या संस्थांच्या रजिस्टरमध्ये पावलोपावली दिसते.

आता वारसा. स्वकमाईने घेतलेला फ्लॅट असेल, मृत्युपत्र नसेल आणि मृत व्यक्ती हिंदू पुरुष असेल (यात बौद्ध, जैन, शीखही येतात), तर हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 8 प्रमाणे पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी, समान हिश्श्याने येतात. मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई. वडील या वर्गात नाहीत. आई आहे, आणि हीच गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. मुलगा किंवा मुलगी आधीच गेली असेल तर तिची मुले तिच्या जागी येतात.

इथे एक मुद्दा ठासून सांगायला हवा. 'मुलींना हक्क 2005 पासून, आमच्या बहिणीचे लग्न त्याआधी झाले' हे वाक्य सोसायटीच्या ऑफिसात फार वेळा ऐकू येते. 2005 ची दुरुस्ती, आणि त्यावरचा 2020 चा विनीता शर्मा निकाल, या एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहेत. वडिलांनी पगारातून हप्ते भरून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मुलीचा हिस्सा 1956 पासूनच मुलाइतका आहे. लग्न कधी झाले, हुंडा दिला की नाही, बाळंतपणे कोणी केली, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. एक अडचण खरोखर होती. राहत्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नव्हती, ती मुलग्यांनी आधी मागावी लागे. ते कलम 23 होते, आणि 2005 मध्ये तेही काढून टाकले गेले.

आईच्या हिश्श्याचे काय होते ते आकड्यांत पाहू, कारण गुंता इथूनच वाढतो. 600 चौरस फुटांचा फ्लॅट आहे. गृहस्थ गेले, मागे पत्नी, आई, एक मुलगा आणि एक मुलगी. मृत्युपत्र नाही. चौघांचे हिस्से सारखे, प्रत्येकी 150 चौरस फूट. कोणी काही कागद केले नाहीत. चार वर्षांनी आजी गेली. आजोबा आधीच गेलेले. आजीला आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे, म्हणजे या मुलांचे काका आणि आत्या. आजीच्या 150 फुटांचे तीन भाग होतात. काकांना 50, आत्यांना 50, आणि आधीच गेलेल्या मुलाच्या जागी त्याच्या दोन मुलांना मिळून 50, म्हणजे 25-25. सून या वाटपात येत नाही. शेवटचा हिशोब असा: पत्नी 150, मुलगा 175, मुलगी 175, काका 50, आत्या 50. शेअर सर्टिफिकेटवर मात्र नॉमिनी म्हणून फक्त पत्नीचे नाव. पुढे फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराच्या बँकेचा वकील वंशावळ मागतो आणि काका-आत्यांच्या सह्या लागतात. काका हयात नसले तर त्यांच्या मुलांच्या. पहिल्या मृत्यूनंतर वर्षभरात, आजी असतानाच, कागद झाले असते तर हे काहीच उद्भवले नसते.

बाईच्या मालकीच्या फ्लॅटचा क्रम निराळा आहे. आधी मुले-मुली आणि पती. ते कोणीच नसतील तर पतीचे वारस, आणि त्यानंतर तिचे स्वतःचे आई-वडील. स्वतःच्या कमाईने घर घेतलेल्या निपुत्रिक विधवेचे घर तिच्या आई-वडिलांकडे न जाता दिराच्या घरात जाऊ शकते, हे अनेकींना ठाऊक नसते. अशा प्रत्येक बाईने मृत्युपत्र करावेच. मुसलमान कुटुंबांत वाटप त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने होते आणि वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक-तृतीयांशाहून जास्त देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी यांच्यासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 मधली वेगवेगळी प्रकरणे आहेत. मूळ गोव्याचे रहिवासी असतील तर त्यांना गोव्याचा वारसा कायदा लागतो, आणि त्यांचा फ्लॅट मुंबईत असला तरी तोच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. तिथे पती-पत्नीचा अर्धा वाटा आणि मुलांचा राखीव हिस्सा यांचा हिशोब आधी करावा लागतो.

पागडीच्या खोलीला यातले काहीही जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे हक्क मिळतो, तसा कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, आणि भाडेकरूपण मृत्युपत्राने देता येत नाही.

संस्थेच्या कमिटीने काय करावे? मृत्यूचा दाखला आला की नामनिर्देशन नोंदवही काढावी. उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत असतो, तो कमिटीच्या सभेत मांडून इतिवृत्तात नोंदवायचा असतो, आणि नोंदीचा क्रमांक व पोच सभासदाला परत द्यायची असते. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी फॉर्म फाइलला लावलेला असतो, इतिवृत्तात त्याचा पत्ता नसतो, आणि मग तो खरा की मागून घुसडलेला यावर भांडण होते. नोंद सापडली की नॉमिनीकडून सहा महिन्यांच्या आत अर्ज घ्यावा. ठराव लिहिताना पुढच्यासारखी भाषा वापरावी, म्हणजे पुढच्या कमिटीलाही कळेल:

'सदनिका क्र. … चे सभासद कै. … यांचे दि. … रोजी निधन झाल्याने, नामनिर्देशन नोंदवहीतील नोंद क्र. … नुसार श्री./श्रीमती … यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 154ब-13 खाली तात्पुरते सभासद म्हणून दाखल करून घेण्यात येत आहे. कायदेशीर वारस सभासद म्हणून दाखल होईपर्यंत ही नोंद राहील. या नोंदीमुळे सदनिकेच्या मालकीहक्काबाबत कोणताही निर्णय झालेला नाही.'

शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नाव चढवतानाही 'तात्पुरते सभासद' हे दोन शब्द लिहावेत. ते वगळले जातात तिथूनच पुढचा घोटाळा सुरू होतो. नॉमिनी ते सर्टिफिकेट घेऊन बाजारात उभा राहतो, खरेदीदार टोकन देतो, बँक मागते म्हणून संस्था ना हरकत पत्र देते, आणि मग एके दिवशी नागपूरच्या बहिणीची नोटीस येते. तात्पुरत्या सभासदाच्या विक्रीला संस्थेने ना हरकत देऊ नये. वारसांचे दस्त आधी मागावेत.

नामनिर्देशन नसेल तर नोटीस बोर्डावर आणि वर्तमानपत्रांत सूचना, दावे-हरकती, मग प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी), असा उपविधींचा मार्ग आहे. एकापेक्षा जास्त वारस असतील तर सभासद कोणी व्हायचे ते त्यांनी मिळून प्रतिज्ञापत्रावर सांगावे. लक्षात ठेवायचे ते हे, की असे एक नाव पुढे केल्याने बाकीच्यांची मालकी संपत नाही. मालकी सोडायची तर त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो. वारसांकडे किंवा नॉमिनीकडे हस्तांतर करताना संस्थेला प्रीमियम (हस्तांतर फीखेरीजची जादा रक्कम) घेता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतर फी 500 रुपये आहे, तेवढीच घ्यावी. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' या नावाखाली दुःखात असलेल्या कुटुंबाकडून हजारो रुपये काढणे गैर आहे, मग त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव असो वा नसो.

वारसांत वाद असेल तर कमिटीने न्यायाधीश होऊ नये. सहकार खात्याचे उपनिबंधकही मालकी ठरवत नाहीत, ते काम दिवाणी न्यायालयाचे. तिथेही कोणता दाखला मागायचा याचा गोंधळ असतो. सक्सेशन सर्टिफिकेट (उत्तराधिकार प्रमाणपत्र) मुळात येणी आणि रोख्यांसाठी असते, म्हणजे बँकेतल्या ठेवी, शेअर वगैरे. स्थावरासाठी महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली वारस दाखला मिळतो. एवढा जुना कायदा आजही रोज वापरात आहे. अर्जात सगळ्या वारसांची नावे, वंशावळ आणि मिळकतीचे वर्णन लागते, न्यायालय जाहीर सूचना काढते, हरकत आली नाही तर काही महिन्यांत दाखला मिळतो. अर्जात एखाद्या बहिणीचे नाव गाळले तर दाखला रद्द होऊ शकतो, आणि खोटे प्रतिज्ञापत्र केल्याचा गुन्हा वेगळा. नोकरीच्या किंवा पेन्शनच्या कामासाठी तहसील कार्यालयातून मिळालेला वारसांचा दाखला फ्लॅटच्या मालकीसाठी पुरेल असे धरू नये. विजेच्या मीटरवरचे किंवा मालमत्ता कराच्या बिलावरचे नाव हाही मालकीचा पुरावा नव्हे.

वारस एकमताचे असतील तर सर्वांत सरळ मार्ग हक्कसोड पत्राचा. पण त्यातच चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त लिहितो.

हक्कसोड होते ते हक्क मिळाल्यावर. वडील जिवंत असताना मुलीकडून 'मला पुढे काही नको' असे स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, तर त्या कागदाला अर्थ नाही. भविष्यात मिळू शकेल असा वारसा सोडताही येत नाही आणि विकताही येत नाही. नोटरीपुढे केलेले हक्कसोडही चालत नाही. स्थावरातला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृतच लागतो, आणि तो दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचा. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला हजर करावा. बहीण-भाऊ, आई-वडील, मुले, पती-पत्नी यांच्यातल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ऑक्टोबर 2024 पर्यंत 200 रुपये होते, आता 500 आहे. बाहेर काही दलाल यासाठी बाजारभावाच्या टक्क्यांत आकडा सांगतात, तो ऐकू नये. मात्र हक्क सोडताना पैशांची देवघेव झाली असेल तर ती लपवू नये, दस्तात लिहावी आणि शुल्काचा आकडा आधीच विचारून घ्यावा.

हक्क कोणाच्या नावे सोडला हे दस्तात स्वच्छ लिहावे. मुलगी आणि मुलगा दोघांनी आईच्या नावे सोडला तर सगळा फ्लॅट आईचा होतो, आणि आई मृत्युपत्र न करता गेली की पुन्हा दोघे समान वारस. 'ताईने एकदा सही केली होती' हे तेव्हा चालत नाही. भावाच्या नावे सोडला तर तो कायमचा गेला. सही करणाऱ्या बहिणीला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. सह-मालक नसलेल्याच्या नावे, म्हणजे वहिनीच्या किंवा पुतण्याच्या नावे हक्कसोड होत नाही, त्याला बक्षीसपत्र लागते. दस्तात सगळ्या वारसांची वंशावळ, प्रत्येकाचा अपूर्णांकातला हिस्सा, मूळ कराराचा दस्त क्रमांक आणि तारीख, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि भागांचे क्रमांक, सदनिकेचे क्षेत्रफळ हे सर्व असावे. सोबत मृत्यूचा दाखला, जुन्या कराराची इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), पॅन, आधार आणि दोन साक्षीदार. नोंदणी झाली की नवी इंडेक्स टू काढून एक प्रत संस्थेत आणि एक मालमत्ता कर खात्यात द्यावी.

अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारस असेल तर जास्त जपावे. वडील गेले, मुलगा 11 वर्षांचा आहे, आणि आई त्याच्या वतीने त्याचा हिस्सा काकांना सोडून देते किंवा विकते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकालासुद्धा यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. खरेदीदाराने इतकी वर्षे राहून, टाइल्स बदलून, कर्ज फेडूनही घर धोक्यात येते.

परदेशातल्या वारसांसाठी मुखत्यारपत्र चालते. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे किंवा नोटरी करून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरण्यासाठीचा तिथला सरकारी दाखला) करावे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. 'हक्कसोड करण्याचा अधिकार' हे शब्द त्यात स्पष्ट हवेत, 'मिळकतीची देखभाल' एवढ्याने भागत नाही. आणि ज्या व्यक्तीने मुखत्यारपत्र दिले ती गेली की ते संपले. गेलेल्या वडिलांच्या जुन्या मुखत्यारपत्रावर मुलाने केलेली विक्री टिकत नाही.

या सगळ्यात एका गोष्टीची मनापासून चीड येते. तेराव्याच्या आत, पै-पाहुणे घरात असताना, 'संस्थेला द्यायचे आहे, फक्त एक सही' म्हणून बहिणीकडून कागदांवर सह्या घेतल्या जातात. त्यात कधी प्रतिज्ञापत्र असते, कधी संमतीपत्र, कधी कोरा स्टॅम्प. संस्थेचे सचिवच तो मसुदा देतात, हे त्याहून वाईट. कोणत्याही नियमाला इतकी घाई नाही. नॉमिनीच्या अर्जालाही सहा महिने आहेत. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने तो जरूर सोडावा, पण काय सोडते आहे, किती सोडते आहे, कोणासाठी सोडते आहे, हे वाचून, स्वतःच्या माणसाला विचारून, दुय्यम निबंधकासमोर उभे राहून सोडावा. सचिवांनी कोणाला मसुदा देण्याआधी एवढेच सांगावे की वकिलाला दाखवा.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल आणि मालक गेला तर भाडेकरूची पंचाईत होते. भाडे नॉमिनीला द्यायचे की मुलाला? मुदत संपेपर्यंत वारसांकडून भाडे कोणाच्या खात्यात घालायचे ते लेखी घ्यावे, आणि नवा करार सगळ्या वारसांच्या सहीने किंवा बाकीच्यांच्या संमतीपत्रासह एकाच्या सहीने करावा. लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे सक्तीचे आहे, जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी नसताना वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. आलेले भाडे आणि पुनर्विकासात मिळणारे पर्यायी घराचे भाडे किंवा कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), दोन्ही वारसांच्या हिश्श्यांप्रमाणे वाटायचे असतात. नॉमिनीच्या खात्यात आले म्हणून ते त्याचे होत नाही. इमारत पुनर्विकासाला जायच्या आधी वारसांची नावे लावून घ्यावीत, कारण नव्या घराचा करार ज्याच्या नावे होतो त्याच्या विरुद्ध पुढे उभे राहणे दुसऱ्या वारसाला फार महाग पडते.

नामनिर्देशन मग करायचेच नाही का? करावे, कारण ते नसले तर मधला काळ लोंबकळत जातो. पण त्याच्या जोडीला मृत्युपत्र करावे, आणि नॉमिनी व मृत्युपत्रातला लाभार्थी शक्यतो एकच ठेवावा. लग्नाआधी आईच्या किंवा भावाच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर बदलायचे राहून जाते. पहिल्या नोंदीला फी नाही, बदलाला 100 रुपये. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. साक्षीदार सज्ञान पण आपल्याहून वयाने लहान आणि लाभार्थी नसलेले घ्यावेत, कारण वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभे राहावे लागते. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे. 'माझे घर मुलाला' असे मोघम न लिहिता सदनिका क्रमांक, इमारत, संस्थेचे नाव, शेअर सर्टिफिकेट क्रमांक लिहावा, आणि घर दोघांच्या नावे असेल तर 'माझा अर्धा हिस्सा' असेच लिहावे. दुसऱ्याचा अर्धा आपल्याला देता येत नाही.

सहकार खात्याला एकच विनंती आहे. नामनिर्देशनाच्या छापील फॉर्मवर, सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक अक्षरांत एक ओळ छापावी: 'नामनिर्देशनाने मालकीहक्क मिळत नाही, नामनिर्देशित व्यक्ती वारस दाखल होईपर्यंत तात्पुरती सभासद राहील.' फॉर्म तीन प्रतींत भरला जातो, म्हणजे ही ओळ सभासदाच्या घरीही जाईल आणि संस्थेच्या फाइलमध्येही राहील. खात्याकडून ते होईपर्यंत प्रत्येक संस्थेला आपल्या फॉर्मवर या ओळीचा रबरी शिक्का मारता येईल.

आपला,
गृहनिर्माण संस्थांच्या कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक, डोंबिवली